कपाळाला पट्टा बांधून स्मरणशक्ती कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या सांगली पुरवणीत नुकतीच एका ‘मेंदू तपासणी शिबिरा’ची बातमी फोटोसकट वाचली. खुर्च्यांची ओळ, तीत सत्तरीपुढची मंडळी, प्रत्येकाच्या कपाळावर काळा पट्टा, बाजूला लॅपटॉप घेतलेली दोन तरुण मुलं आणि हार घातलेले प्रमुख पाहुणे. दहा मिनिटांत स्मरणशक्ती किती, एकाग्रता किती आणि ‘मेंदूचं वय’ किती ते कळतं, असं बातमीत म्हटलं आहे. मी मिरजेत नोकरीची सगळी वर्षं ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढण्याचंच काम केलं. शाईच्या पेनांच्या मशीनवर शिकले, कॉम्प्युटरवरच्या मशीनवर निवृत्त झाले. मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे. आलेख वाचून निदान करणं न्यूरॉलॉजिस्टचं, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांचं काम. पण आलेख नीट निघाला की बिघडला, हे मशीनजवळ बसलेल्याला आधी कळतं. त्या अधिकाराने सांगते, दहा मिनिटांत स्मरणशक्ती कळण्याची गोष्ट थाप आहे. त्याहून वाईट म्हणजे, ज्या म्हाताऱ्या माणसाचा ईईजी खरोखर तातडीने काढायला हवा, त्याचा कुणी काढत नाही. या दोन्हींबद्दल लिहायचं आहे. पत्र लांबलं आहे, काटछाट आपल्या हाती.

माझ्या इमारतीत एक निवृत्त एसटी कंडक्टर राहतात. वय 71. अशाच एका शिबिरातून मिळालेला कागद घेऊन ते माझ्याकडे आले. कागदावर डोक्याची पाच गोल चित्रं, त्यातली दोन लालभडक. खाली ‘मेंदूचं वय : 84’. त्याच्याही खाली तीन महिन्यांच्या गोळ्यांची किंमत आणि ‘आजच नोंदणी केल्यास सवलत’. तपासणीचे दीड हजार वेगळे. हा माणूस आमच्या सोसायटीचा हिशोब ठेवायचा. कागद आल्यापासून त्याने वही सेक्रेटरीकडे देऊन टाकली. बँकेत एकटा जाईना. बायको म्हणाली, “गॅस बंद केला का ते दहादा मला विचारतात, आणि सांगितलं की म्हणतात, तू बघून ये.” मी त्यांना मिरज-पंढरपूर गाडीचे थांबे विचारले. शिरढोण, कवठेमहांकाळ, नागज फाटा, जुनोनी, सांगोला, सगळे धडाधड सांगितले, वर कुठल्या थांब्यावर भजी चांगली मिळायची तेही. मग मी विचारलं, हे सगळं आठवतंय, तर भीती कसली? म्हणाले, “जुनं आठवतं हो बाई, पण ह्यात लाल आलंय ना.”

आता तो पट्टा. तोही मेंदूच्या लहरी टिपतो म्हणतात. खरा ईईजी काढताना आम्ही टेप घेऊन नाकाच्या मुळापासून मागच्या कवटीच्या उंचवट्यापर्यंत अंतर मोजतो, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. त्या अंतराचे दहा आणि वीस टक्के धरून पेन्सिलीने खुणा करतो आणि प्रत्येक खुणेवर पेस्ट लावून इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणारी छोटी चकती, बसवतो. जगभर हीच पद्धत आहे, 1958 सालापासून. एवढा खटाटोप का, तर मेंदूतून कवटीबाहेर येणारी वीज काही दशलक्षांश व्होल्ट असते. हृदयाच्या कार्डिओग्रामची वीज हजारांश व्होल्टच्या घरात, म्हणजे कितीतरी मोठी. त्यामुळे पापणी लवली, दात आवळले, गालात सुपारी फिरवली, घाम आला, कवळी हलली, पार्किन्सनने हात थरथरला, की ते सगळं आलेखात उतरतं आणि नवख्याला मेंदूची लहर वाटतं. काही माणसं मनातल्या मनात नामस्मरण करतात आणि जीभ हलते. जिभेचीही लहर येते. शंका आली की आम्ही “ला ला ला म्हणा” असं सांगून ताडून बघायचो. वर्षानुवर्षं हा चोर-शिपाईचा खेळ खेळल्यावर ईईजी काढता येऊ लागतो.

कपाळावर केस नाहीत, पेस्ट लागत नाही, म्हणून शिबिरवाले पट्टा कपाळावर बांधतात. पण पापण्यांची आणि कपाळाच्या स्नायूंची गडबड सगळ्यात जास्त तिथेच असते. पापणी लवल्याची लहर दिसायला हुबेहूब मंद ‘डेल्टा’ लहरीसारखी. आणि वयाबद्दल काही सांगू शकेल अशी जी लहर आहे, ती ‘अल्फा’, सगळ्यात ठळक मिळते डोक्याच्या मागच्या बाजूला, केसांच्या खाली. म्हणजे जिथे ऐकायचं तिथे कान लावलेलाच नाही, आणि जिथे लावला आहे तिथे गोंगाट.

ही अल्फा लहर शोधणाऱ्या माणसाची गोष्ट मला फार आवडते. हान्स बर्गर, जर्मनीतल्या येना शहरातले मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी लष्करी सरावात घोड्यावरून पडून थोडक्यात वाचले. त्याच दिवशी घरून तार आली, बहिणीला एकाएकी वाटलं होतं की तुझं काहीतरी बरंवाईट झालं. तेव्हापासून मनाची ऊर्जा मोजायची हा ध्यास. 1924 साली त्यांनी माणसाच्या डोक्यावरून पहिला आलेख मिळवला, पण जगापुढे मांडला 1929 साली. मधली पाच वर्षं शंका, की ही लहर खरंच मेंदूची, की रक्ताच्या ठोक्यांची, की आपल्या यंत्राची. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा आलेख काढून बघितले. (आपल्या शिबिरवाल्यांना पाच मिनिटंही शंका येत नाही.) मांडल्यावरही कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1934 साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिलं, तेव्हा कुठे लोक मानू लागले. गंमत अशी की मनाची ऊर्जा शोधायला निघालेल्या बर्गरना सापडलेली लहर डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसात मोठी होते आणि डोळे उघडले, मनात गणित मांडलं की मावळते. विचार सुरू झाला की ती नाहीशी! मग तिच्या उंचीवरून बुद्धी कशी मोजणार?

अल्फाचा वेग मात्र कामाचा आहे. सेकंदाला 8 ते 13 लहरी. शाईच्या मशीनमध्ये कागद सेकंदाला 3 सेंटिमीटर सरकायचा, त्यामुळे पट्टी ठेवून तेवढ्यात किती शेंडे येतात ते मोजायचं. पंचविशीच्या मुलाचे साधारण दहा यायचे, कुणाचे अकरा. सत्तरीच्या धडधाकट माणसाचे नऊ, कधी साडेआठ. वयाबरोबर अल्फा थोडी मंदावते, केस पिकतात तितक्याच सहजपणे. पूर्ण जागा असलेल्या म्हाताऱ्या माणसाची अल्फा आठच्या खाली गेली तर आम्ही डॉक्टरांना मुद्दाम दाखवायचो. आठच्या वर असेल तर वयाचा मान. तसंच साठीनंतर कानशिलावर, बहुतेक डाव्या बाजूला, अधूनमधून एखाददुसरी मंद लहर दिसते. धडधाकट माणसातही दिसते. तिच्यावर लाल रंग फासला की घरात रडारड.

आणि डुलकी. ही गोष्ट शिबिर भरवणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी. म्हाताऱ्या माणसाची रात्रीची झोप तुटक, त्यात जेवण करून आलेला, वर पंख्याचा वारा, डोळे मिटायला सांगितलेले. दोन मिनिटांत अल्फा विरघळते आणि सेकंदाला 4 ते 8 वाल्या ‘थीटा’ लहरी पसरतात. दिसायला मेंदू मंदावल्यासारखं, पण आहे साधी पेंग. इथे तंत्रज्ञाने हाक मारायची असते. “आजोबा, डोळे उघडा. गाव कुठलं तुमचं? नातवंडं किती?” आजोबा दचकून “अं? मी जागाच आहे” म्हणतात आणि अल्फा परत हजर. त्या जागी कागदावर खूण करायची, इथे पेंगले, इथे हाक मारली. ती खूण नसेल तर मागाहून आलेख वाचणाऱ्याला काही कळायला मार्ग नाही. फोटोतली मुलं लॅपटॉपकडे बघत होती. त्या ओळीतले किती जण पेंगले असतील आणि कितींचं ‘मेंदूचं वय’ वाढलं असेल!

झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. आपल्याकडे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या घरोघरी आहेत, चिठ्ठी एकदाची आणि गोळी वर्षानुवर्षांची. त्या गोळ्यांनी आलेखात पुढच्या भागात जलद ‘बीटा’ लहरी वाढतात. रंगीत अहवाल त्याला ‘मानसिक ताण’ म्हणतो आणि ताणावरचं चाटण विकतो. गोळी कुठली घेता, हा प्रश्न माझ्या शेजाऱ्यांना तिथे कुणी विचारलाच नव्हता.

लहरींचं गणित करून रंगीत नकाशा काढणं ही मुळात लबाडी नव्हे. तज्ज्ञाच्या हाती त्याचा उपयोग आहे. पण अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या अकादमीने 1997 सालीच सांगून ठेवलं आहे, की असे नकाशे ईईजीत मुरलेल्या डॉक्टरनेच वापरावेत आणि तेही मूळ आलेखाच्या जोडीने, त्याच्या जागी नव्हे. माझ्या शेजाऱ्यांच्या कागदावर मूळ आलेखाची एक ओळही नव्हती. चक्कीच्या घरघरीवरून चक्की चालू आहे, जड चालली आहे की पट्टा घसरतोय, एवढं कळतं. भाकरी कशी होईल ते कळत नाही. ईईजीचं तसंच आहे.

मग लहरींचा आणि बुद्धीचा काहीच संबंध नाही का? आहे. अल्झायमरमध्ये आजार पुढे सरकतो तसा आलेख मंदावत जातो, अल्फा घटते, थीटा-डेल्टा वाढतात. पण सुरुवातीच्या काळात, जेव्हा घरच्यांना उत्तर हवं असतं, तेव्हा आलेख पुष्कळदा अगदी ठीकठाक असतो. म्हणून चांगला आलेख हाती आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. लेवी बॉडी नावाचा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार आहे. त्यात माणसाला नसलेली माणसं, जनावरं दिसतात, एक दिवस बरा तर दुसऱ्या दिवशी गोंधळलेला. त्यात मात्र डोक्याच्या मागच्या भागातली लहर मंद आणि अस्थिर होते, आणि 2017 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ईईजीला निदानाला हातभार लावणारी खूण म्हणून जागा मिळाली आहे. ‘हातभार’ हा शब्द महत्त्वाचा. एकट्या आलेखावर कुणाला वेडं ठरवता येत नाही आणि शहाणंही.

आणखी एक तपासणी असते, कानात एकसारखे टूक-टूक आवाज सोडायचे आणि मध्येच एखादा वेगळा. वेगळा आवाज ओळखला की सुमारे 300 मिलिसेकंदांनी मेंदूत एक लहर उठते. वयाबरोबर ती दर वर्षी एक-दोन मिलिसेकंदांनी उशिरा येऊ लागते. चाळीस वर्षांत किती झाले? फार तर ऐंशी मिलिसेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. भाजीवाल्याकडे हिशोबाला थोडा वेळ लागला म्हणून सुना-मुलांनी चेहरे करण्याएवढं ते मोठं नाही.

शिबिरातल्या मुलांनी शेजाऱ्यांना परदेशातल्या संशोधनाचं कात्रणही दाखवलं होतं, ‘विजेने स्मरणशक्ती वाढली’. संशोधन खरं आहे. बोस्टन विद्यापीठात 65 ते 88 वयाच्या 150 जणांवर प्रयोग झाले, 2022 साली ते प्रसिद्ध झाले. डोक्याला सौम्य वीज, रोज वीस मिनिटं, सलग चार दिवस. ऐकवलेल्या शब्दांच्या यादीतले शब्द आठवणं सुधारलं आणि महिनाभर टिकलं. पण वीज एका जागी एका वेगाने दिली तर यादीतले शेवटचे शब्द जास्त आठवले, दुसऱ्या जागी दुसऱ्या वेगाने दिली तर सुरुवातीचे. जागा चुकली, वेग चुकला, तर ते फळ नाही. कपाळाच्या पट्ट्याला आणि चाटणाला त्याचा आधार कसा मिळतो, हे त्या मुलांनाच विचारायला हवं. सेकंदाला 40 वेळा लुकलुकणाऱ्या दिव्यांचंही तसंच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात 2016 साली उंदरांवर प्रयोग झाला, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारा प्रथिनांचा गाळ कमी झाला असं दिसलं, आणि जगभर बातमी पसरली. 2023 साली न्यूयॉर्कच्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेला उंदरांतच तसं आढळलं नाही. ही दुसरी बातमी आपल्याकडे कुठे वाचल्याचं आठवत नाही. असे दिवे ऑनलाइन मिळतात. ज्यांना फिट येण्याचा त्रास आहे त्यांनी लुकलुकत्या उजेडाशी खेळू नये. आम्ही असा उजेड मुद्दाम दाखवायचो, तोही फिटची प्रवृत्ती आहे का ते बघायला, आणि तेव्हा शेजारी इंजेक्शन भरून तयार असायचं.

लहरी आणि आठवण यांचं सगळ्यात जवळचं नातं मला झोपेत दिसतं. जाग्या माणसात डेल्टा दिसली तर काळजी, पण झोपलेल्या माणसात तीच डेल्टा म्हणजे गाढ झोप, आणि दिवसभरात शिकलेलं पक्कं होतं ते याच झोपेत. तरुणपणी रात्रीच्या पहिल्या प्रहरात तिचे डोंगर दिसतात, साठीनंतर टेकाडं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं, की म्हाताऱ्या माणसांत मेंदूचा पुढचा भाग जितका झिजला तितकी ही गाढ झोप कमी, आणि रात्रीनंतर शब्द आठवणंही कमी. तेव्हा ज्यांना विसरण्याची भीती वाटते त्यांनी आधी घरच्यांना विचारावं, मी घोरतो का, घोरता घोरता माझा श्वास अडकतो का? श्वास अडकत असेल तर झोपेच्या तज्ज्ञाकडे जावं. त्यावर उपाय आहे आणि तो गोळ्यांच्या पाकिटात नाही.

आता पत्राच्या दुसऱ्या भागाकडे येते. हा मला जास्त जिव्हाळ्याचा आहे.

खेड्यातल्या एका आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही. ऑपरेशन व्यवस्थित झालं, तिसऱ्या दिवशी आजी गप्प झाल्या. डोळे उघडे, पण बघतात कुठे ते कळेना. तोंडात घास दिला तर तसाच. मध्येच लुगड्याचा पदर बोटांनी चिवडत राहायच्या. वॉर्डात सगळ्यांचं एकमत, वय झालं, धक्का बसला. नातेवाइकांपैकी कुणी म्हणालं, बाहेरचं काहीतरी आहे, आणि उशाशी अंगारा आला. असेच दोन दिवस गेले. मग नवीन रुजू झालेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आजींच्या पापणीची बारीक फडफड टिपली आणि ईईजी सांगितला. मी मशीन ढकलत वॉर्डात नेलं. स्क्रीन चालू झाल्याबरोबर माझ्या अंगावर काटा आला. सगळ्या ओळींवर टोकदार लहरींची अखंड माळ. हातपाय शांत, आणि डोक्यात फिट चालू, कधीपासून कोण जाणे! शिरेतून औषध दिलं. मशीन चालूच होतं. ती माळ आधी विरळ झाली, मग तुटक, आणि मग सगळीकडे मंद पण शांत लहरी. संध्याकाळी मी दुसऱ्या कामासाठी त्या वॉर्डात गेले तर आजी सुनेला विचारत होत्या, “म्हशीची धार कोण काढतंय गं?”

हातपाय न झाडता येणारी अशी फिट म्हाताऱ्या माणसांत दुर्मीळ नाही, आणि ईईजीशिवाय ती पक्की ओळखता येत नाही. स्कॅनमध्ये ती दिसत नाही. रक्तात दिसत नाही. बाहेरून दिसतं ते एवढंच, की माणूस ‘हरवला’.

दुसरं, आजारपणात एकाएकी होणारा भ्रम. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, नवं औषध, शरीरातलं पाणी कमी होणं, रक्तातलं सोडियम घसरणं, यांतलं काहीही त्याला पुरतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्यांचं सोडियम आपल्याकडच्या उन्हाळ्यात घसरू शकतं, आणि फार घसरलं तर माणूस मुलाला ओळखेनासा होतो. त्या अवस्थेत आलेख काढला तर सगळा मंद. एंगल आणि रोमानो या अमेरिकन डॉक्टरांनी हे 1940च्या दशकापासून अभ्यासून 1959 साली सविस्तर मांडलं, की भ्रम वाढतो तशा लहरी मंदावतात आणि माणूस सुधारला की पुन्हा वेग घेतात. मी हे स्वतः पाहिलं आहे. सोडियम हळूहळू पूर्ववत केलेल्या एका गुरुजींचा आलेख आधी सेकंदाला पाच लहरींचा होता, पुढच्या आठवड्यात साडेआठवर आला. पहिल्या दिवशी ते मला आपली विद्यार्थिनी समजून पाढे म्हणायला लावत होते. दुसऱ्या वेळी त्यांनी हॉस्पिटलच्या बिलातली बेरजेची चूक काढली. पहिल्याच दिवशी ‘म्हातारचळ’ म्हणून घरी नेलं असतं तर?

प्रत्येक भ्रमाला ईईजी लागत नाही. पुष्कळदा रक्त-लघवीची तपासणी आणि औषधांची यादी नीट बघितली तरी भागतं. पण कारण सापडत नसेल आणि माणूस ताळ्यावर येत नसेल, तर ईईजी हवाच. आमच्या भागात रात्री, रविवारी, सणासुदीला तो मिळणं किती अवघड आहे हे मी जवळून पाहिलं आहे. मशीन असतं तर तंत्रज्ञ नसतो, तंत्रज्ञ असतो तर वाचणारा डॉक्टर दुसऱ्या शहरात. आता आलेख फोनवरून पाठवता येतो, दूर बसलेला डॉक्टर वाचू शकतो. जिल्हा पातळीवर एवढी सोय करायला फार मोठा खर्च नाही. शिबिरांना फीत कापायला येणाऱ्या लोकप्रतिनिधींनी यात लक्ष घातलं तर त्यांच्या हाराचं सार्थक होईल.

देशातल्या साठीपुढच्या माणसांपैकी 7.4 टक्क्यांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे 88 लाख लोक, असा 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. आकडा मोठा आहे, त्याची थट्टा नको. पण त्याच आकड्याचा अर्थ असाही होतो, की साठीपुढच्या शंभरातल्या नव्वदाहून अधिकांना तो नाही, आणि शिबिरातले लाल डाग मुख्यतः या नव्वदांच्या कागदांवर उमटतात. ज्यांना खरोखर शंका आहे त्यांनी आधी कान तपासून घ्यावेत. नीट ऐकूच आलं नाही तर आठवणार काय? मग बी-12, थायरॉइड, साखर, रक्तदाब, डोळे, मनाची उदासी, आणि चालू गोळ्यांची छाननी. स्मरणशक्तीची चाचणी प्रश्न विचारूनच होते, मायबोलीत, माणसाचं शिक्षण किती झालंय ते लक्षात घेऊन, अर्धा तास समोर बसून. शाळेची पायरी न चढलेल्या आजींना ‘शंभरातून सात वजा करत जा’ म्हणणाराही चुकतोच.

आपल्याला विनंती एवढीच, की अशा शिबिराची बातमी छापण्यापूर्वी वार्ताहराने तीन प्रश्न विचारावेत. अहवालावर कुठल्या डॉक्टरची सही आहे? मूळ आलेख रुग्णाला देता का? तपासणीनंतर काय विकता? ज्येष्ठ नागरिक संघांनीही हॉल देण्यापूर्वी हेच विचारावं. आमच्या इथल्या संघात मी हे बोलले तेव्हा एक सभासद म्हणाले, “फुकट चहा-बिस्किटं होती हो, आणि वेळ चांगला गेला.” वेळ घालवायला माझी हरकत नाही.

आणि डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन खरा ईईजी सांगितला असेल तर घाबरू नये. दुखत नाही, शॉक देत नाहीत, अर्धा-पाऊण तास लागतो. आदल्या दिवशी केस धुवावेत आणि तेल अजिबात लावू नये. खोबरेल चोपडून आलेल्या डोक्यावर इलेक्ट्रोड टिकत नाही आणि तंत्रज्ञ मनातल्या मनात काय म्हणतो ते छापण्यासारखं नसतं. उपाशी येऊ नये. फिटच्या किंवा कुठल्याही चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून आणावीत, झोपेची गोळी घेत असाल तर लपवू नये. कवळी सैल असेल तर आधीच सांगावं. ऐकायचं मशीन घरी ठेवून येऊ नये, तंत्रज्ञाच्या सूचना ऐकू यायला हव्यात. तो इलेक्ट्रोड लावताना सांगेल तेव्हा काढा. आणि मध्येच डोळा लागला तर ओशाळू नका.

आपली नम्र,
एक निवृत्त ईईजी तंत्रज्ञ, मिरज
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)